अर्ज विनीतच्या हातात दिला

बोगदा कॅम्प, लडाख रस्ता
गुरुवार, ४ जानेवारी २०२४

ति. ताईस,

प्रज्ञेशचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी इकडे बरा आहे, हाताची दहाही बोटं जाग्यावर आहेत. तुम्हा सगळ्यांची खुशाली कळवणे.

आयेचं पत्र मिळालं. चार ओळींत तीन वेळा लिहिलंन की कोणाला सांगू नको, पाचवा महिना लागेपर्यंत सांगायचं नसतं. गो ताई, मी सांगणार कोणाला, या डोंगराला? इथं फोनला रेंज नाय आणि बोगद्यात शिरताना फोन गेटवर जमा करतात. गुरुवारी रेशनचा ट्रक येतो, तोच टपाल आणतो नि नेतो. म्हणून तर सातवीत पळालेला माणूस आता बसून पत्रं लिहितोय. शाळेतल्या बाई असत्या तर रडल्या असत्या.

मामा होणार हे वाचलं त्या दिवशी मी ड्रिल मशीन जरा सांभाळून धरली. महेंद्र भावोजींना सांग, मुंबईत बसून पेढे एकट्याने खाऊ नका.

इथली एक गोष्ट सांगतो, आयेला वाचून दाखवू नको. सोमवारी सुरुंग उडवल्यावर आत गेलो तर वरून दगड सुटला आणि आमच्यातल्या एका झारखंडच्या माणसाच्या गुडघ्यावर बसला. हाड बाहेर आलं होतं. मुकादम बोलला की आधी डबराची गाडी बाहेर काढा, मग याला काढू, वेळ जातोय. मी हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा नाय, तो खाली बसेपर्यंत. दोन दात पडले. मग बघ, स्ट्रेचर दोन मिनिटांत आला. मला आठ दिवसांसाठी कामावरून बसवलंनी, पण माणूस आधी बाहेर गेला. चांगलं बोलून गेला असता काय?

तुला कंपनीत बसायला काही देतात की नाय? दिवसभर त्या ओल्या फरशीवर उभी असतेस. देत नसतील तर फक्त नाव लिहून पाठव. बाकी काही लिहू नको, नाव पुरे.

तुझा राग आला तरी चालेल, पण पत्र पाठवत राहा.

तुझा
प्रज्ञेश

*

रत्नागिरी
रविवार, २१ जानेवारी २०२४

चि. प्रज्ञेश यास,

ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र आलं. आयेला अर्धंच वाचून दाखवलं, दातांचं गाळलं. तरी तिने विचारलंच की एवढं लांब पत्र आणि तू एवढ्यात कशी थांबलीस.

माझी तब्येत ठीक आहे. सकाळी ओकाऱ्या होतात, कंपनीच्या गाडीत बसलं की जास्त. गाडीत सगळ्या आपल्याच बाजूच्या बाया, त्या बघून न बघितल्यासारखं करतात. आयेचं गुपित वाडीत सर्वांना ठाऊक आहे, फक्त कंपनीला नाही.

बसायला देत नाहीत. आठ तास उभं राहून बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची. मी तोंडी स्टूल मागितलं, तर आमचा सुपरवायझर सगळ्या बायांसमोर म्हणाला की कोळंबी सोलायला येतेस की पोट दाखवायला. माझ्या शेजारी तुळसामावशी असते. तिचं तिसरं मूल याच फरशीवर गेलं. तिने हातातला ट्रे पुरा केला, गमबूट धुतला आणि मग घरी गेली. मला हे तिने कोळंबी सोलता सोलता सांगितलं. हात एकदाही थांबला नाही.

उपकेंद्रातल्या श्रुती सिस्टरने मला समजावलं की तोंडी सांगून काही होत नाही, लिहून द्यायचं. वर्षात ऐंशी दिवस काम केलेलं असलं की सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. जड काम आणि सतत उभं राहायचं काम नको म्हणून आपण लिहून मागू शकतो. आणि दिवस गेलेत म्हणून किंवा त्या रजेवर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. ऐंशी काय, मी चार वर्षांत सुट्टी किती घेतली ते बोटांवर मोजून होईल.

पण आये अडून बसली आहे. लिहून देणं म्हणजे गावभर सांगणंच, आधी पाचवा लागू दे म्हणते. तिची माझ्या आधीची दोन गेली, तेव्हा तिच्याशी मला वाद घालवत नाही. पाचवा लागला की अर्ज देणार.

आता तुझं. बेकरी सोडलीस मालकाला मारून. चिरेखाण सोडलीस मुकादमाला मारून. बोटीवरून तर तुला अंजनवेलच्या धक्क्यावर उतरवून दिलं होतं, बोट पुढे गेली. सगळीकडे तुझंच बरोबर होतं, हे मला ठाऊक आहे. तरी दरवेळी नोकरी तुझीच गेली आणि ते तिथेच राहिले. म्हणून नाव मी तुला पाठवणार नाही. हे माझं काम आहे, मी कागदाने करीन.

स्वेटर घालत जा. माया आहेच, ती सांगून वाढत नाही.

तुझी
करुणाताई

*

बोगदा कॅम्प
गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४

ति. ताईस,

सप्रेम जयभीम. पत्र मिळालं. गेल्या गुरुवारपासून झोप नाय. तुळसामावशीचं वाचलं ते डोक्यातून जात नाय. ड्रिल लावली की दगडाच्या जागी मला ती फरशी दिसते नि त्या सुपरवायझरचं तोंड. तोंड मी बघितलेलं नाय, तरी दिसतं. परवा ड्रिलच्या टोकाची बिट अडकून तुटली तरी मी रेटतच होतो. तिचा तुकडा उडून माझ्या बाजूच्याच्या खांद्यात घुसला. त्याने मला शिवी दिलीन, मी त्याला काही केलं नाय. माझीच चूक होती.

कागदाचं तू बोलतेस ते ठीक आहे. इथंही कायद्याचा कागद हिंदीत बोर्डावर लावलाय. मुकादम त्याला ग्रीसचे हात पुसतो. रोज. आता कागद एवढा काळा झालाय की वाचायचा म्हटला तरी वाचता यायचा नाय. तू अर्ज दे, पण तो ज्याच्या हातात देशील त्याचा हात बघून दे.

आणि नाव पाठवत नाय तर नको पाठवू. मी काही विसरणारा नाय.

आयेला नमस्कार, तुला जयभीम. मी तुझा धाकटा आहे, पण तेवढाच धाकटा नाय.

प्रज्ञेश

*

रत्नागिरी
रविवार, ३ मार्च २०२४

चि. प्रज्ञेश यास,

जयभीम. आधी हे वाच, मी बरी आहे आणि पोटातलं हलतंय. आता बाकीचं सांगते. तू शांतपणे वाचशील असं धरून लिहिते.

पाचवा लागल्यावर, पाच फेब्रुवारीला मी अर्ज दिला. सोबत डॉक्टरचा दाखला, बाळंतपणाची तारीख, रजा कधीपासून हवी ते, आणि तोपर्यंत बसून करायचं काम द्यावं अशी विनंती. श्रुती सिस्टरने मजकूर सांगितला, अक्षर माझं. अर्ज ऑफिसात हजेरी लिहिणाऱ्या विनीतच्या हातात दिला. त्याने वाचला आणि फायलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला सोलायच्या टेबलावरून काढून शीतगृहात पेट्या उचलायला लावलं. म्हणजे अर्जात मागितलं त्याच्या बरोबर उलट. मी दहा दिवस केलं. सोळा तारखेला पाठ भरून आली म्हणून पालथ्या क्रेटवर दोन मिनिटं टेकले. सुपरवायझर ओमकार आला, खालचा क्रेट बुटाने उडवला. मी पाठीवर पडले. फरशीवर पाणी आणि बर्फ. उठले तेव्हा पाण्याला रंग आला होता. तुळसामावशीने हातातला ट्रे त्याच्या अंगावर फेकला आणि मला गाडीत घातलं.

पाच दिवस हॉस्पिटलात होते. रक्त थांबलं, पण डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. घरी आले तर कंपनीचं पत्र येऊन पडलं होतं. न कळवता गैरहजर राहिल्यामुळे नाव हजेरीपटावरून कमी केलं आहे. महेंद्रनी फोन केला तर कंपनी म्हणते की कसला अर्ज, आमच्याकडे करुणा नावाच्या बाईचा अर्ज आलेलाच नाही, ती गरोदर असल्याचं आम्हाला कोणी कळवलं नाही, आणि ती घसरून पडली.

(मागच्या पानावर वाच)

आता चांगली गोष्ट. काल विनीत घरी आला होता. त्याचं घर दाभोळला, इथे खोली घेऊन राहतो. तो दारातच उभा राहिला, आये आत ये म्हणाली तरी येईना. त्याला साहेबांनी माझा अर्ज फाडून टाकायला सांगितलं होतं. त्याने फाडला नाही. अर्ज त्याने स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून बाहेर आणला आणि माझ्या हातात दिला. त्यावर मिळाल्याची तारीख आणि त्याची सही आहे. शिक्का नाही, शिक्का साहेबांच्या कपाटात असतो. म्हणून नुसत्या कागदावर भागायचं नाही, सही त्याची आहे आणि अर्ज त्याच दिवशी त्याला मिळाला, हे त्याने सांगायला हवं. तो म्हणाला की सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर सांगेन. नोकरी जाईल तुझी, मी म्हटलं. तर म्हणतो जाईल, पण ताई, तो अर्ज माझ्याच हातात दिला होतात ना.

प्रज्ञेश, सगळं आता त्या एका माणसावर आहे. तक्रार दिली आहे. तू तिकडेच राहा आणि आम्हाला हे करू दे. मी तुला पहिल्यांदाच हात जोडून सांगते आहे.

डोकं थंड आणि पाय गरम ठेव.

तुझी
करुणाताई

*

ट्रकमध्ये बसून
गुरुवार, १४ मार्च २०२४

ताई,

पत्र आत्ता ट्रकमधून उतरलं. पहिलं पान वाचलं. पाण्याला रंग आला होता इथपर्यंत आलो नि मग ती विनीतची ओळ परत वाचली. अर्ज विनीतच्या हातात दिला. आणि कंपनी म्हणते आलाच नाय. एवढं वाचून माझ्या हाताने पत्राचा बोळा झाला नि तो मी ग्रीसच्या बादलीत फेकला. पुढचं वाचायला मला काय उरलं होतं? दोन नावं मिळाली, बस.

मुकादमाला सांगितलं नाय. याच ट्रकने खाली जातोय. हे पत्र ड्रायव्हर गावात पोस्टात टाकेल. माझ्या आधी पोचलं तर आयेला काही बोलू नको. मी आधी कंपनीच्या गेटवर जाणार, मग घरी.

ओमकारला पाय आहेत, विनीतला हात आहेत. बघू किती दिवस राहतात.

जयभीम.

प्रज्ञेश

*

रत्नागिरी
रविवार, ३१ मार्च २०२४

प्रज्ञेश,

जेलमध्ये पत्र उघडून वाचतात असं सांगितलं. वाचू देत.

तुझं ट्रकमधलं पत्र तू पकडला गेल्यावर तीन दिवसांनी आलं. त्यामुळे तू काय वाचलंस आणि काय वाचलं नाहीस ते मला कळलं. पान उलटायचं होतंस. एवढंच काम होतं. मागच्या पानावर लिहिलं होतं की विनीतने अर्ज फाडला नाही, डब्याच्या पिशवीतून आणून मला दिला, आणि अधिकाऱ्यासमोर तसं सांगायला तो तयार आहे. माझा एकुलता एक साक्षीदार होता तो.

त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तारेने शिवला आहे, नळीने पेज पितो. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. मी उठायचं नसताना रिक्षाने हॉस्पिटलात गेले. त्याची आई दाभोळहून आली आहे. तिने मला बसायला स्टूल दिलं. त्या बाईने मला स्टूल दिलं, प्रज्ञेश. मी कोण आहे ते सांगितल्यावर मग ती उठून बाहेर गेली.

ओमकारला कंपनीने दुसरीकडे पाठवून दिलं होतं, तू आलास त्याच्या आधी आठ दिवस. त्याला एक ओरखडासुद्धा नाही.

बुधवारी कंपनीचा माणूस घरी आला. हातात टाइप केलेला राजीनामा. मी आजारपणामुळे स्वखुशीने काम सोडते आणि माझी काही तक्रार नाही. सही केलीस तर विनीतला समजावू, भावाची केस हलकी होईल, असं गोड बोलून सांगत होता. आये माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं. मी सही केली नाही. आयेने त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा घेतलेला नाही.

तुला वाटत असेल की तू माझ्यासाठी केलंस. माझ्या खालच्या क्रेटला लाथ बसली तेव्हा मी पडले, पण माझी बाजू उभी होती. ती तू पाडलीस.

पत्र लिहायचं तर लिही. मी वाचीन, शेवटपर्यंत वाचीन.

करुणा

*

रत्नागिरी जेल
सोमवार, १५ एप्रिल २०२४

ति. ताईस,

सप्रेम जयभीम. काल जयंतीची मिरवणूक पलीकडच्या रस्त्याने गेली, ताशे ऐकू आले. आयुष्यात पहिल्यांदा मी निळा गुलाल न लावता चौदा एप्रिल काढली.

तुझं पत्र बारा वेळा वाचलं. काय लिहू कळत नाय. जे झालं ते सांगतो, कारण तुला ते माझ्याकडूनच कळायला पाहिजे.

स्टेशनवरून सरळ गेटवर गेलो. ओमकार नाय म्हणून वॉचमनने सांगितलंन. मग मी विनीत कोण विचारलं. तो हजेरीच्या खिडकीतून बाहेर आला. बारीक, चष्मेवाला, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असेल. माझ्याकडे बघून हसला नि विचारलंन की करुणाताईंचे भाऊ का, तोंडावळा आहे. हात पुढे केलान. ताई, त्याने हात मिळवायला पुढे केला होता. मला वाटलं हात जोडतोय, घाबरलाय. गेटचा लोखंडी अडसर भिंतीला टेकवलेला होता. पहिला घाव जबड्यावर बसला तेव्हा चष्मा उडाला. तो खाली पडला तरी हाताने डोकं झाकत होता नि काहीतरी सांगत होता. अर्ज, अर्ज, असं म्हणत होता. मला वाटलं माफी मागतोय. कानावर मारला तो दुसरा. तिसऱ्याच्या आधी बाया गाडीतून उतरत होत्या, त्यातली एक म्हातारी मधे पडली, माझ्या मनगटाला चावली. ती तुळसामावशी होती हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं. तिचे दात अजून मनगटावर आहेत. बरं आहे, ते असू देत.

मला वाटायचं माझ्या हाताला कळतं कोण वाईट ते. मुकादमाच्या वेळी कळलं होतं, म्हणून. आता रात्रंदिवस बघतो या हाताकडे. याला काहीच कळत नाय. समोर कोण येईल त्याला तो मारतो.

तू सही केली नाहीस ते बरोबर केलंस. आयेला सांग, मीच बोललो म्हणून. आणि जामिनाला कोणाला उभं करू नको. भावोजी येऊन गेले, त्यांनाही तेच सांगितलं. बाहेर आलो तर ओमकारला शोधत फिरेन, माझा मलाच भरवसा नाय.

विनीतला पत्र लिहायला घेतलं होतं. चार शब्दांच्या पुढे गेलो नाय. तो कसा आहे ते कळव.

रागाव, पण तोडू नको.

प्रज्ञेश

*

रत्नागिरी
रविवार, १९ मे २०२४

चि. प्रज्ञेश यास,

जयभीम. आठवा सरत आला आहे. आये चहा घेऊ लागली आहे, साखर कमी म्हणून नावंही ठेवते, म्हणजे सगळं ठीक आहे.

पंचवीस एप्रिलला सुनावणी झाली. मी महेंद्र आणि श्रुती सिस्टरबरोबर गेले, सोबत तुळसामावशी. विनीत येईल असं मला वाटलं नव्हतं. तो यावा असं म्हणायला मला तोंडही नव्हतं. कंपनीच्या वकिलाने तेच धरलं होतं. म्हणाला, बाईंकडचा कागद घरी केलेला आहे, सही कोणीही करील.

आणि विनीत आईचा हात धरून आला. जबडा अजून तारेत. बोलता येत नव्हतं म्हणून अधिकारी बाईंनी त्याला लिहून उत्तर द्यायला सांगितलं आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने लिहिलं की अर्ज पाच फेब्रुवारीला मिळाला, सही माझी, साहेबांनी फाडायला सांगितलं, मी फाडला नाही. मग कंपनीच्या वकिलाने विचारलं की या बाईच्या भावाने तुम्हाला मरणाचं मारलं, तिच्या बाजूने तुम्ही भीतीपोटी बोलताय ना? विनीतने त्याच कागदावर खाली लिहिलं. बाईंनी वाचून दाखवलं ते मी आहे तसं लिहिते. "भीती वाटते. तरी अर्ज मी घेतला."

बुधवारी निकाल आला. माझं नाव हजेरीपटावर परत घ्यायचं, सव्वीस आठवड्यांची पगारी रजा द्यायची, रजा संपल्यावर त्याच कामावर. ओमकारच्या लाथेची तक्रार पोलिसांकडे वेगळी गेली आहे. आता कोळंबीच्या टेबलांपाशी चार स्टुलं आली आहेत म्हणे. तुळसामावशी त्यावर बसत नाही. म्हणते सवय नाही. पण दुसऱ्या कोणाला ती स्टुलं बाजूला सारू देत नाही.

कंपनी वर अपिलात गेली आहे. विनीतला कामावरून काढलं. तो दाभोळला निघून गेला.

जिन्यात मी त्याच्यासमोर उभी राहिले. तुझ्याबद्दल मी काही मागितलं नाही. त्यानेच कागदावर लिहून दाखवलं की केस मागे घेणार नाही, तुम्ही राग मानू नका. मी म्हटलं, राग कसला.

तुझा राग आहे, तो कमी होईल असं वाटत नाही. पण तू जेवतोस की नाही हेही रोज मनात येतं. दोन्ही आहे.

तुझी
करुणाताई

*

रत्नागिरी जेल
रविवार, ९ जून २०२४

ति. ताईस,

सप्रेम जयभीम. आये भेटीला आली तेव्हा कळलं, मुलगी झाली, दिवस भरायच्या थोडी आधीच, पण दोघी सुखरूप. आये जाळीपलीकडून हाताने माप दाखवत होती की एवढी आहे म्हणून. नाव मनस्वी ठेवायचं चाललंय म्हणाली. चांगलं आहे. मी अख्ख्या बराकीला सांगितलं, कोणाकोणाला दोनदा.

आता महत्त्वाचं. गुरुवारी एक वकील मला भेटायला आला. चांगले कपडे, हातात फाइल. मी म्हटलं मी कोणाला लावलेला नाय. तर म्हणाला फी तुला द्यायची नाय, ती बघणारे आहेत. तू फक्त कोर्टात म्हणायचं की मी मारलं नाय. धक्काबुक्की झाली नि विनीत स्वतः अडसरावर पडला. वॉचमन सांगेल मी बघितलं नाय, गेटवरचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता, बाया सगळ्या कामावरच्या आहेत, त्या बोलायच्या नायत. राहिला एकटा विनीत. त्याच्या एकट्याच्या बोलण्यावर काय होतंय? तू महिन्याभरात बाहेर, मामा म्हणून बारशाला.

ताई, खोटं कशाला बोलू. बाहेर. समुद्राचा वास. मी हो म्हणायच्या बेतात होतो. मग विचारलं की कंपनीला माझी एवढी माया कधीपासून? तो हसला, फाइल बंद करता करता बोलून गेला की अरे, तो एकदा कोर्टात खोटा ठरला की पुढचं आम्ही बघतो.

पुढचं म्हणजे काय ते कळायला मला दिवस लागला. सातवी नापास डोकं, वेळ घेतं. विनीत माझ्या केसमध्ये खोटारडा ठरला, तर तो निकालाचा कागद घेऊन हे अपिलात जातील. जो माणूस मारहाणीबद्दल खोटं बोलतो तो अर्जाबद्दलही खोटंच बोलणार. मग अर्ज आलाच नाय. तू गैरहजर. रजा नाय, नाव परत कमी. टेबलापाशी आलेली स्टुलं पण जातील. आणि हे सगळं माझ्या तोंडाने करायचंय त्यांना. गेल्या वेळी हाताने केलं, या वेळी तोंडाने.

शुक्रवारी तो परत आला तेव्हा मी त्याला जा म्हटलं. त्याने आवाज चढवलान, मूर्ख म्हणाला, तीन वर्षं तर कुठे गेली नायत म्हणाला, आयेचं नाव काढलंन. जाळी मधे होती. पण खरं सांगतो, जाळी नसती तरी मी हात उचलला नसता असं मला वाटतं. खात्रीने नाय सांगत. वाटतं.

सरकारने दिलेल्या वकीलबाई आहेत, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कबूल केलंस तर शिक्षा होईल, नीट विचार कर. मी म्हटलं झालाय करून. त्यांनी विचारलं की कोणी दबाव आणलाय काय. मी म्हटलं हो, एका पोरीने आणलाय, आठ दिवसांची आहे.

मुलीला बघायला मिळायला वेळ लागेल. तुझी रजा सरेल, तू परत टेबलापाशी जाशील, ती आयेजवळ राहील. मी येईन तेव्हा ती चालत असेल. तिला माझ्याबद्दल जे खरं आहे ते सांग, गोड करून सांगू नको.

उद्या दहा तारखेला मला कोर्टात नेणार आहेत. नाव पुकारतील नि विचारतील, गुन्हा कबूल आहे काय. मी सांगणार आहे की विनीतने जे जे सांगितलंन ते सगळं खरं आहे. सगळं, असं दोनदा म्हणणार आहे, म्हणजे लिहून घेणारा चुकायचा नाय.

तुझा लोभ परत मागायला मला तोंड नाय. उरला असेल थोडा तर तो मनस्वीला दे, मला त्यातलाच पोचेल.

तुझा भाऊ
प्रज्ञेश